‘मर बे’ म्हणणारा सात वर्षांचा हिरो

प्रश्न : ताई नमस्कार. नागपुरात मानेवाड्याला राहते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. उन्हाळ्यात बाहेर ४५ डिग्री, मग दुपारभर कूलरसमोर आजोबांसोबत हिंदीत डब केलेले साऊथचे पिक्चर. आम्हाला वाटलं बरं आहे बावा, एका जागी बसतो. आता शाळा सुरू होऊन इतके महिने झाले तरी तेच चालू आहे. परवा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी त्याने लहान बहिणीला फेकून मारला, तिच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ, आणि हा सोफ्यावर उभा राहून कॉलर वर करून म्हणते कसा, ‘मर बे’. रागावली तर म्हणे हिरो पण तर मारतो. ह्यांचं म्हणणं पोट्टे असेच असतात, आम्हीपण लहानपणी पौराणिक सीरियल पाहून झाडूच्या काड्यांचे बाण मारायचो. सासऱ्यांना टीव्ही बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. हा मोठा होऊन गुंड तर नाही ना होणार? — एक आई

उत्तर : नाही होणार. आधी पाणी प्या. पिक्चर पाहून किंवा गेम खेळून मूल थेट गुन्हेगार होतं असं कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याचं मनावर घेऊ नका. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हिंसक व्हिडिओ गेमबद्दल साफ सांगितलं की मोठ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. पण त्याच निवेदनात हेही होतं की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी त्याचा लहानसा का होईना पण संबंध सापडतो. म्हणजे तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत, पूर्ण नाही (हे वाक्य त्यांना वाचून दाखवा).

आता ‘हिरो पण तर मारतो’ याच्याबद्दल. मला तर वाटते पोट्ट्याने सगळा विषयच एका वाक्यात सांगून टाकला. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये स्टॅनफर्डला ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांसमोर एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवतो, लाथा घालतो, वर तोंडाने पण काहीतरी बोलतो. नंतर त्या मुलांना तसाच बाहुला दिला तर बऱ्याच जणांनी तसंच बडवलं, आणि तेच शब्द म्हणत म्हणत. तो बाहुला मार खायलाच बनवलेला होता, त्याला मारलं त्यात काय एवढं, असा आक्षेप लोकांनी घेतला, तोही खोटा नाही. पण मला त्याचा १९६५ चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात फिल्म दाखवली, कुठे मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ, कुठे त्यालाच बोलणी आणि मार. ज्यांनी शिक्षा पाहिली त्यांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं, जे पाहिलं ते करून दाखवा, बक्षीस देतो, तर शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही जवळपास तेवढंच करून दाखवलं. शिकले सगळेच होते, काहींनी फक्त बाहेर काढलं नव्हतं.

म्हणून किती मारामारी पाहतो याच्याइतकंच मारणाऱ्याचं पुढे काय होतं आणि मार खाणाऱ्याचं काय होतं हेही पाहा. या पिक्चरमध्ये हिरोला टाळ्या, गाणं, हिरोईन सगळं मिळतं आणि उडालेली वीस माणसं परत दिसतच नाहीत. मी एका आठ वर्षांच्या मुलाला विचारलं होतं, तो जीपच्या काचेवर पडला ना, त्याला किती लागलं असेल रे? तो माझ्याकडे अशा नजरेने पाहून राहिला की या मॅडमला काहीच कसं समजत नाही, आणि म्हणाला, ‘तो साईडवाला होता, त्याला नाही लागत.’

तुमच्या घरात साईडवाल्याला लागलं आहे, टेंगूळ समोर आहे. बर्फ कोणी लावला? पुढच्या वेळी त्याच्याच हाताने लावून घ्या, दहा मिनिटं, टीव्ही बंद ठेवून, लेक्चर न देता. आणि एक विचारते, राग मानू नका, ‘रागावली’ म्हणजे दोन ठेवून दिल्या का? तसं असेल तर मोठा माणूस चिडला की मारतो, हाच सीन त्याने घरी पुन्हा एकदा पाहिला, तोही लाइव्ह.

सासऱ्यांशी टीव्हीवरून भांडू नका, त्यांना कामाला लावा. ‘बाबा, तुम्ही सोबत आहात म्हणूनच पाहू देते, मध्येमध्ये याला विचारत जा ना, याचं चुकलं का बरोबर’, एवढंच. आजोबांनी विचारलेलं पोरं ऐकतात, आपलं ऐकत नाहीत. ओटीटीवर केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांपासून वयाची श्रेणी आणि पॅरेंटल लॉक असतं, ते लावून टाका. पण यूट्यूबवरच्या फुकटच्या डब पिक्चरवर बहुतेकदा असं काही लिहिलेलंच नसतं, तिथे तुम्हालाच पाहावं लागेल. आणि संध्याकाळी उन्हं उतरली की तासभर त्याला बाहेर पळू द्या, सात वर्षांच्या अंगातली मस्ती सोफ्यावर कशी जिरेल!

शाळेतून रोज मारामारीची तक्रार येत असेल, मुक्या जनावराला मुद्दाम दुखवत असेल किंवा कोणी रडलं तरी याला काहीच वाटत नसेल, तर मात्र पिक्चरला दोष देत बसू नका. मेडिकलच्या (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवून घ्या, तिथे गेलं म्हणजे पोरगं वेडं झालं असं काही नसतं.

प्रश्न : आमच्या आईला रात्री जेवताना क्राइमच्याच बातम्या लागतात. मुलगी नऊ वर्षांची, मारामारी वगैरे काही करत नाही, उलट लिफ्टने एकटी खाली जात नाही, बेल वाजली की म्हणते आधी छिद्रातून पाहा. — एक बाबा, त्रिमूर्ती नगर

उत्तर : बरं झालं विचारलं, कारण मारकुट्या पोरांकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि घाबरलेलं मूल ‘शहाणं’ म्हणून सुटून जातं. जॉर्ज गर्बनर या टीव्हीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकापासून हेच मांडलं, की जास्त टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. त्यात आपल्याकडे एकच सीसीटीव्ही क्लिप, लाल गोल काढून, म्युझिक लावून दहादा. लहान मुलाला ती दहा घरांत झाली असंच वाटणार ना.

‘घाबरायचं काय त्यात’ असं म्हणू नका. तुम्ही जिन्याने आधी खाली जाऊन लिफ्टसमोर उभे राहा, तिला एक माळा एकटीने येऊ द्या, मग दोन. चौकीदार काकांशी तिची ओळख करून द्या, नावानिशी. आणि आईंच्या बातम्या मुलगी झोपल्यावर. आमच्या घरी हा वाद फार चालला, शेवटी आईला कानात घालायचा ब्लूटूथ आणून दिला. आता ती जेवायला हाक मारली तरी ऐकत नाही, पण चालते.