क्युरासाओतल्या जुन्या डच इमारतींना एकदाच सिमेंटचा पक्का गिलावा का करत नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. क्युरासाओ या कॅरिबियन बेटाची राजधानी विलेमस्टाड, तिथल्या जुन्या रंगीत इमारतींचे पोपडे सारखे निघतात, तर सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग मारून काम एकदाचं का संपवत नाहीत, ही पहिली. या सगळ्याला पैसा कुठून येतो, ही दुसरी. पैशाचं शेवटी सांगतो. पहिलीचं उत्तर सरळ आहे: ते करून झालंय. विसाव्या शतकात सिमेंट सहज मिळायला लागलं तसं ते या भिंतींवर चढलं, आणि आता दुरुस्तीला घेतलेल्या घरात पहिलं काम बरेचदा ते सिमेंट उतरवण्याचंच असतं.

शहराच्या पुंडा या भागातली, बंदराकाठच्या हांडेल्सकाडे रस्त्यावरची घरांची रांग बघून लोकांना वाटतं, ॲमस्टरडॅमसारखं सगळं विटांचं काम असणार. नाही. तशी नक्षीदार त्रिकोणी माथ्याची दर्शनी भिंत आहे, पण पोटातला माल बेटावरचा. प्रवाळाचे ओबडधोबड दगड, प्रवाळच भाजून केलेला चुना, माती, आणि बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यावरची वाळू नि समुद्राचं पाणी. पिवळ्या डच विटा जहाजांच्या तळात भार म्हणून यायच्या. त्या जपून वापरल्या जात. पोपडे काढतं ते मीठ, आणि ते भिंतीत बाहेरून शिरलं हे अर्धंच खरं. ते बांधतानाच आत घातलंय. त्यात जमिनीतून ओल चढते आणि पूर्वेचा व्यापारी वारा वर्षभर खारा तुषार आणून भिंतीवर मारतो.

आपल्याकडे ज्याला भिंतीला लोणा लागणं म्हणतात, तेच हे, फक्त कितीतरी जोरात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओल धरून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. क्युरासाओची हवा याच आकड्याच्या आसपास घुटमळते: दुपारी खाली, रात्री वर. त्यामुळे स्फटिक बनण्या-विरघळण्याचा खेळ तिथे जवळजवळ रोज चालतो. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब टाकतो आणि मऊ प्रवाळ भुगा होतो. ही झीज भिंतीच्या पृष्ठभागावर व्हावी की आत, एवढंच आपल्या हातात असतं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून बाहेर येऊन वाळतं आणि मीठ गिलाव्यात जमतं. गिलावा झडतो, दगड वाचतो. झडणं हेच त्याचं काम आहे. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. मग पाणी वाळायची जागा सिमेंटच्या मागे सरकते, मीठ तिथे जमतं, आणि अडलेली ओल भिंतीत आणखी वर चढते. बाहेरून भिंत काही वर्षं ठणठणीत दिसते. बोटाच्या पेरानं ठोकलं तर पोकळ आवाज येतो, आणि थर उतरवला की मागून ओंजळभर पीठ पडतं. वरून ॲक्रिलिक रंग असेल तर भर उन्हात रेनकोट घालून बसवलेल्या माणसासारखी त्या भिंतीची गत होते.

बरं, मग काम कसं करायचं. आधी पन्हळी, छपराची कौलं आणि पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बघा. तिथली गळती न थांबवता भिंतीला हात लावणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. मग ओलीच्या रेघेच्या निदान अर्धा मीटर वरपर्यंतचा गिलावा हातोडी-छिन्नीनं उतरवायचा. ब्रेकर मशीन नको, प्रवाळ हादऱ्यानं फुटतो. सांधे २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडायचे. भुगा आणि मीठ कोरड्या ब्रशनं झाडून खाली अंथरलेल्या कापडात गोळा करून साइटबाहेर न्यायचं. इथे हमखास एक चूक होते: कोणीतरी पाण्याचा पाइप घेऊन भिंत ‘स्वच्छ’ धुतो. त्यानं वरचं मीठ विरघळून परत आत जातं.

त्यानंतर मीठ ओढून घ्यायचा लेप. कागदाचा लगदा, केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि धुतलेली वाळू, आकारमानानं साधारण १:१:५, बिनखाऱ्या पाण्यात मळून सुमारे २० मिलिमीटर जाड लावायचा. क्युरासाओचं नळाचं पाणी समुद्राचंच, पण मीठ काढून केलेलं, त्यामुळे ही अडचण तिथे कमी. लेप पूर्ण वाळू द्यायचा, आठवडे लागतात, मग काढून फेकायचा आणि दुसरा लावायचा. काढलेल्या लेपाचा नमुना स्वच्छ पाण्यात ढवळून त्याची विद्युतवाहकता मोजा; मीठ जितकं जास्त, तितका आकडा मोठा. दर खेपेला आकडा उतरला पाहिजे. उतरायचा थांबला तर दोन शक्यता: मीठ पुरेसं निघालं, किंवा नवं मीठ खालून येतंय. दुसरी असेल तर लेपावर खर्च करत बसू नका.

नवा गिलावा विरवून निदान तीन महिने पाण्याखाली मुरवलेल्या चुन्याचा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू, जोर हवा असेल तर अर्धा भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. वाळू किनाऱ्यावरची नाही, धुतलेली म्हणून सांगितली तरी नाही. वाळू शुद्ध पाण्यात हलवून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दुधाळ झालं तर वाळूत मीठ आहे, ट्रक परत पाठवा. तीन थर, कुठलाही १० मिलिमीटरपेक्षा जाड नाही. आणि वाऱ्यापासून आडोसा! चुना कडक होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, पण त्यासाठी थोडी ओल टिकावी लागते. व्यापारी वारा ती दोन तासांत उडवतो आणि गिलावा खडूसारखा भुसभुशीत राहतो. परांचीवर ओलं गोणपाट, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, निदान आठवडाभर. ‘चुना टिकत नाही’ म्हणून जे गिलावे दाखवले जातात, त्यांत बरेचसे असे उन्हावाऱ्यात तडफडून मेलेले असतात.

रंगही चुन्याचाच, दुधासारखा पातळ, चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस. रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत. गेरू, पिवळी माती, अल्ट्रामरीन निळा चालतात. प्रशियन निळा चुन्यात मरतो. आता रंगाचा विषय निघालाच आहे म्हणून: पांढरा रंग बंद झाला तो १८१७ साली. गव्हर्नर आल्बर्ट किकर्टचं पांढऱ्या भिंतींच्या चकाकीनं डोकं दुखायचं, असं सांगतात. त्याचे रंगाच्या धंद्यात हितसंबंध होते हा पुढचा भाग गाईड लोक जास्त रंगवून सांगतात. तो किस्सा म्हणून ऐकावा.

चुना म्हटला की इंजिनिअर मंडळींचा एक ठरलेला सवाल येतो: ‘२८ दिवसांत ताकद किती?’ साध्या चुन्याची एक मेगापास्कलच्या (दाब सोसण्याच्या ताकदीचं माप) आसपास, सिमेंटच्या मसाल्याची दहाच्या वर. मग जिंकलं कोण? अहो, अर्धा मीटर जाडीच्या, दुमजली घराच्या भिंतीला दहा मेगापास्कलची गरजच नाही. मसाला दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे काही हललं तर तडा सांध्यात जाईल, दगडात नाही. ही साधी गोष्ट न समजता टेंडरमध्ये ‘१:४ सिमेंट’ लिहिणाऱ्यांनी जुन्या इमारतींचं जेवढं नुकसान केलंय तेवढं मिठानंही केलं नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या भिंतींवर सिमेंट थापणाऱ्यांनीही हे वाचावं. जांभाही सच्छिद्र, हवाही खारी.

सिमेंटला सगळीकडे बंदी हवी असं मात्र नाही. नव्यानं घातलेला स्वतंत्र पाया, मागच्या अंगणातलं नवं बांधकाम, यांत खुशाल वापरा. सतत ओल्या राहणाऱ्या तळाशी साधा चुना जमणार नाही. तिथे पाण्यात कडक होणारा जलीय चुना लागतो. आणि जुन्या भिंतीत लोखंडी सळ्यांची चौकट घालायची हौस असेल तर स्टेनलेस स्टीलचे पैसे तयार ठेवा. साधी सळई खाऱ्या भिंतीत गंजून फुगते आणि दगड फोडते.

आता पैसा. युनेस्कोच्या यादीत विलेमस्टाडचं नाव १९९७ साली आलं: पुंडा, ओत्रोबांदा, पीटरमाई आणि स्खारलो हे भाग. त्यानं नाव होतं, पर्यटक येतात, पण भिंतीला पैसे युनेस्को लावत नाही. खरं काम १९५४ सालापासून चालू असलेल्या स्मारक-जतन प्रतिष्ठानासारख्या संस्थांचं. त्या पडीक घर घेतात, दुरुस्त करतात, ऑफिस किंवा राहायला भाड्यानं देतात आणि भाड्यातून पुढची देखभाल काढतात. रिकामं ठेवलेलं घर तिथे वाळवी आणि मीठ मिळून खातात, म्हणून भाडेकरू हाही जतनाचाच भाग. खासगी मालकाचं गणित वेगळं असतं, कारण एका घराला वारस अनेक आणि सही करायला कोणीच नाही, हा प्रकार तिथेही आहे.

एक राहिलं. जपायचं काय, हे ठरवताना बंदरावरचे रंगीत वाडे आधी येतात. १७ ऑगस्ट १७९५ ला तुला नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांचं बंड जिथून सुरू झालं त्या केनेपाच्या मळ्यावरचं मोठं घर उभं आहे, त्यात संग्रहालयही आहे. पण राबणारी माणसं राहायची ती काटक्या-मातीची, ज्वारीच्या कडब्यानं शाकारलेली घरं बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. त्यांना तर चुनाही लागत नाही. छपराचा कडबा वेळच्या वेळी बदलायचा आणि पावसाळ्याआधी, म्हणजे तिथे सप्टेंबर संपेपर्यंत, मातीचा हात फिरवून घ्यायचा.