चॅट्सवर्थची बाग सगळी ब्राऊननेच केली का?

नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ हवेलीभोवतीच्या या बागेवर तीनेक शतकांचे थर आहेत. पायऱ्यांवरून पाणी उतरतं तो कॅस्केड १६९६ च्या सुमाराचा, म्हणजे प्रसिद्ध उद्यानरचनाकार लान्सलॉट 'कॅपेबिलिटी' ब्राऊनच्या जन्माआधीचा. फ्रेंच पद्धतीची काटेकोर आखणी तेव्हा फॅशनमध्ये होती. ब्राऊन आला १७५० च्या दशकाच्या अखेरीस. त्याने तिच्यातली बरीचशी मोडून हिरवे उतार, झाडांचे पुंजके आणि रुंद दिसणारी नदी असा देखावा उभा केला. आज जे 'नैसर्गिक' वाटतं ते बहुतेक त्याचंच, आणि ते अजिबात नैसर्गिक नाही!

मला मात्र खरा नायक वाटतो तो जोसेफ पॅक्स्टन. १८२६ मध्ये तो चॅट्सवर्थचा मालक असलेल्या डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूककडे मुख्य माळी झाला. त्याचं काचेचं प्रचंड उष्णगृह १८४० पर्यंत तयार झालं. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी आतली झाडं मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये पॅक्स्टनने एम्परर कारंजं बांधलं. पंप नाही, वर डोंगरावर तळं खोदून नुसत्या उताराच्या दाबावर चालणारं. झार आलाच नाही. कारंजं अजून उडतंय.

आणि जळगावकरांनो, पॅक्स्टनने इथे वाढवलेल्या केळीला ड्यूकच्या आडनावावरून 'कॅव्हेंडिश' म्हणतात. तुमची ग्रँड नैन ही केळीची जात त्याच गटातली.