टोर्नेडोचं फुटेज 'क्लीन' करून घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की ओक्लाहोमात राहिलेल्या काकांच्या सामानात "3 मे 1999" लिहिलेली हाय-एट कॅसेट (जुन्या हँडीकॅमची छोटी व्हिडिओ टेप) निघालीय, त्यात टोर्नेडो आहे, ती नाशिकला कुठे डिजिटल करून मिळेल, आणि वादळवेडे लोक कुठलं फुटेज सगळ्यात भारी मानतात. दुसऱ्या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकते, पण पहिला वाचून पोटात गोळा आला. आधी तेच सांगते.

त्या दिवशी मी ओक्लाहोमातल्याच नॉर्मनला होते, युनिव्हर्सिटीत. ब्रिज क्रीककडून मूरकडे गेला तो टोर्नेडो, ज्यात 36 माणसं गेली आणि ट्रकवरच्या रडारने ताशी 300 मैलांच्या वर वारा मोजला. आम्ही अपार्टमेंटच्या जिन्यातून रूममेटच्या कॅमेऱ्याने शूट करत होतो. चित्रात तो लांबवर आणि छोटा दिसतो, पण मागे सायरन, आणि दाराच्या फटीतून टीव्हीवर तिथले हवामानतज्ज्ञ गॅरी इंग्लंड लोकांना जमिनीखाली जा म्हणून सांगतायत, हे सगळं एका सलग शॉटमध्ये होतं.

होतं, म्हणजे आता नाही. भारतात परत आल्यावर एका दुकानात (नाव विचारू नका, खासगी मेसेज पण करू नका) कॅसेट दिली. मी स्पष्ट सांगितलं होतं, जसं आहे तसं द्या, काही करू नका. न्यायला गेले तर काउंटरवरचा मुलगा खुशीत, "मॅडम, लय नॉइज होता हो, सगळा काढून टाकला, आणि सुरुवातीला बराच वेळ नुसते ढगच होते, काही होत नव्हतं, ते पण उडवलं." काही होत नव्हतं! अहो ते गोल फिरत खाली उतरत होते, वॉल क्लाउड म्हणतात त्याला, टोर्नेडो बऱ्याचदा त्याच्यातूनच येतो! सायरन गायब, वारा गायब, आणि टीव्हीवरचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा. वर अमेरिकन एनटीएससी (तिथली टीव्ही पद्धत, सेकंदाला साधारण 30 फ्रेम) टेप आपल्याकडच्या पाल पद्धतीत बदलून 25 फ्रेमची करून ठेवली, त्यामुळे वीज चमकते तिथे दोन चित्रं एकात एक मिसळलेली. मूळ फाइल मागितली तर म्हणे आम्ही ठेवत नाही, आणि पुन्हा करून द्या म्हटलं तर कळलं की टेप त्यांच्याच मशीनमध्ये गुंडाळली जाऊन चुरगळलीय. मालक म्हणाले, "दिसतंय ना पण टोर्नेडो? मग?" यावर काय बोलणार माणूस.

असो. एवढा त्रागा का, तर या फुटेजची खरी किंमतच त्या नको असलेल्या भागात असते. 1957 साली डॅलसच्या टोर्नेडोच्या फिल्म लोकांकडून गोळा करून हवामानशास्त्रज्ञ वॉल्टर होकर यांनी फ्रेमफ्रेमने उडणारा कचरा मोजला आणि वाऱ्याचा वेग काढला. आणि 31 मे 2013 चा ओक्लाहोमातला एल रेनो टोर्नेडो तर याचं सगळ्यात मोठं उदाहरण. 4 किलोमीटरहून जास्त रुंद टोर्नेडो, टोर्नेडोचा अभ्यास करणारे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यातच गेले. नंतर शास्त्रज्ञ अँटन सायमन आणि बाकीच्यांनी चेजर लोकांचे (वादळाचा पाठलाग करणाऱ्यांचे) ढीगभर व्हिडिओ जमवले आणि विजेच्या लखलखाटावरून एकमेकांशी जुळवले, कारण वीज सगळ्यांच्या कॅमेऱ्यात एकाच क्षणी चमकते. अशाच दृश्यांवरून दिसलं की रडारला वर हवा गोल फिरत असल्याची खूण मिळायच्या आधीच टोर्नेडो जमिनीवर होता. आता सांगा, विजेच्या फ्रेमच एकमेकांत कालवल्या तर काय जुळवणार?

आता आवडीचं. माझी यादी, बाकीचे भांडतील.

एक नंबर एली, मॅनिटोबा, 22 जून 2007. कॅनडाचा पहिला एफ-फाइव्ह, म्हणजे टोर्नेडोच्या ताकदीच्या श्रेणीत सगळ्यात वरचा. बारीकसा दोरखंड, आरामात एकाच भागात घिरट्या घालतोय, बघून वाटतं हा काय करणार, आणि मग अख्खं घर उचलून हवेतच त्याचा भुगा करतो. जाडीवरून ताकद ठरवणाऱ्यांना मी हाच दाखवते. दुसरं, मिनियापोलिस, 18 जुलै 1986, टीव्ही चॅनेलच्या हेलिकॉप्टरमधून बातम्या चालू असताना लाइव्ह गेलेलं. एफ-टू होता फक्त, पण झाडं आत ओढली जाऊन गरागरा फिरताना इतकी स्वच्छ त्याआधी कुणी दाखवली नव्हती. पायाकडे बघा, तिथे छोटे भोवरे बनतात आणि विरतात. ड्रोनवाल्या पिढीला चेजर रीड टिमरचं अँडोव्हर, कॅन्सस, 29 एप्रिल 2022 आवडतं, आणि बरोबरच आहे, घरांची छपरं कशी सुटतात ते वरून इतकं जवळून दिसतं की पॉज करत करत बघावं लागतं. (त्याच दिवशी चेस करून परतताना ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचे तीन विद्यार्थी रस्त्यावरच्या अपघातात गेले. पाठलागात टोर्नेडोइतकाच रस्ताही जीव घेतो, हे कुठल्याच हायलाइट व्हिडिओत नसतं.) जॉप्लिन, मिसूरी, 22 मे 2011 चं, दुकानात आसरा घेतलेल्यांचं फुटेज मी "आवडीचं" म्हणणार नाही, चित्र जवळपास काळंच आहे, पण हेडफोन लावून एकदा ऐका. त्यातला "नॉइज" काढला असता तर काय उरलं असतं?

एक फुटेज मात्र मला अजिबात आवडत नाही, कितीही गाजलेलं असो. 1991 चं कॅन्सस टर्नपाइकवरचं (तिथला टोल हायवे), पुलाखाली लपलेली माणसं वाचतात ते. ते टीव्हीवर इतकं दाखवलं की लोकांना वाटलं पूल म्हणजे सुरक्षित जागा. ती माणसं नशिबाने वाचली. पुलाखाली वारा उलट जास्त जोरात घुसतो आणि उडता कचरा थेट अंगावर येतो. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक जण गेला. दाखवायचंच असेल तर ही माहिती जोडून दाखवा.

आणि ते "एआयने 4के, 60 एफपीएस" (सेकंदाला 60 फ्रेम) केलेले व्हिडिओ कृपया शेअर करू नका. कचऱ्याच्या जागी सॉफ्टवेअर मनाने काहीतरी रंगवतं. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आणि भलत्याच जागेचे व्हिडिओ तर विचारूच नका, निसर्ग वादळाच्या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर अमेरिकेतला टोर्नेडो अलिबागचा म्हणून आला होता, मामांना पिवळी स्कूलबस दाखवली तरी ते "कोकणात पण असतात" म्हणत होते.

तर तुमची कॅसेट. मी टेक्निशियन नाही, फक्त पोळलेली आहे, तेव्हा आपल्या जबाबदारीवर. पहिलं म्हणजे टेपवर पांढरे डाग असतील तर मशीनमध्ये घालूच नका, पावसाळ्यातली बुरशी असते ती, मशीनही खराब होतं. डाग नसतील तर कॅसेटवरची छोटी पट्टी सरकवून लॉक करा. मग दुकानाआधी काकांना किंवा त्यांच्या मित्रांना विचारा, मूळ कॅमेरा किंवा अमेरिकेतून आणलेला सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा आहे का, त्यातल्या काही मॉडेलवर जुनी हाय-एट चालते आणि केबलने सरळ कॉम्प्युटरवर घेता येते. दुकानातच द्यायची वेळ आली तर आधी वाढदिवसाची वगैरे एखादी अमेरिकन कॅसेट देऊन बघा काय परत येतं. कागदावर लिहून सही घ्या: एनटीएससीच ठेवायचं, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची) तसंच, काही कापायचं नाही, आवाजाला हात लावायचा नाही, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यायची. "क्लीन करून देतो" म्हणाले की कॅसेट उचला आणि बाहेर पडा.

काका असतील तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा की कुठून शूट केलं, तोंड कुठल्या दिशेला होतं, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं होतं का. त्या दिवशी ओक्लाहोमात एक नाही, कितीतरी टोर्नेडो झाले होते, त्यामुळे तुमच्याकडचा मूरचाच असेल असं धरून चालू नका. जागा आणि वेळ कळली तर इथे टाका, मी जुन्या नकाशावर ताडून सांगते.