‘व्हॅम्प’ला ‘खलनायिका’ म्हणावे का?

जुन्या हिंदी चित्रपटांवर लिहिताना ‘व्हॅम्प’ऐवजी ‘खलनायिका’ लिहिले तर चालेल का, आणि हा शब्द मुळात आला कुठून, असे एका वाचकाने विचारले आहे.

माझ्या मते चालणार नाही. ललिता पवारांची खाष्ट सासू खलनायिका खरी, पण तिला कुणी व्हॅम्प म्हणत नाही. उलट हेलनला खलनायिका म्हणून पाहा, कानाला खटकते. सासू छळते, व्हॅम्प भुरळ घालते.

शब्द ‘व्हॅम्पायर’चा तुकडा आहे. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९७ साली त्या नावाची कविता लिहिली. तिच्या पहिल्या ओळीतले शब्द घेऊन आधी नाटक आणि मग १९१५ साली फॉक्स कंपनीचा ‘अ फूल देअर वॉज’ हा मूकपट आला. त्यातल्या नायिकेला नावच नाही, ती नुसती ‘व्हॅम्पायर’. रक्त पीत नाही. संसारी पुरुषाचा पैसा, अब्रू, संसार सगळे शोषून घेते. शेवटी कोसळलेल्या त्या माणसावर ती हसत फुलाच्या पाकळ्या टाकते. हा प्रसंग मी कितीदा पाहिला, तरी अंगावर काटा येतो.

ती नटी थीडा बारा. ‘व्हॅम्प’ हे छोटे रूप घरोघरी पोचले ते तिच्यामुळे. ओहायोतल्या सिनसिनाटीच्या ज्यू शिंप्याची ही मुलगी, खरे नाव थिओडोसिया गुडमन. कंपनीने मात्र ती सहारा वाळवंटात जन्मल्याची आवई उठवली. डोळ्यांत काजळ माखून, सांगाड्यापाशी बसवून तिचे फोटो काढले. तिने चाळीसएक चित्रपट केले, पण १९३७ साली न्यू जर्सीतल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि बहुतेक चित्रफिती जळाल्या. १९१७ च्या ‘क्लिओपात्रा’चे जेमतेम काही तुकडे उरलेत. याचे मला फार वाईट वाटते.

(बुटाच्या पुढच्या वरच्या भागालाही इंग्रजीत ‘व्हॅम्प’च म्हणतात. तो शब्द वेगळा, जुन्या फ्रेंचमधून आलेला.)

मराठीत ‘मोहिनी’ सुचते, पण तो विष्णूचा अवतार. मनात वेगळेच चित्र उभे राहते. ‘विषकन्या’ जवळचा, तरी विषकन्येला दुसरा कुणीतरी पाठवतो. व्हॅम्पला कुणी पाठवलेले नसते, ती स्वतःच्या मर्जीने येते. म्हणून ‘व्हॅम्प’च लिहावे, आणि तेही अवतरणचिन्हांशिवाय.