नमकीनच्या दुकानासाठी सॉफ्टवेअर बनवून घ्यावं की तयार घ्यावं?

तुम्ही विचारलंय की इंदूरमध्ये नमकीनची दोन दुकानं आहेत, भाचा म्हणतो बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून घेऊ, सर्व्हरही आपलाच ठेवू, दरवर्षी भाडं कशाला भरायचं? माझं ऐकाल तर बिलिंग तयारच घ्या.

आम्ही यात पोळलोय. राजवाड्याजवळ माझ्या काकांचं दुकान आहे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मीच आग्रह धरून एका मुलाकडून प्रोग्रॅम लिहून घेतला. सुरुवातीला फार छान चालला. आपल्याकडे गिऱ्हाईक वजन सांगत नाही, ‘पन्नासची लवंग शेव द्या’ म्हणतं. रुपये टाकले की प्रोग्रॅम ग्रॅम दाखवायचा, काकांना त्याचं केवढं कौतुक! पुढे तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला.

मग 22 सप्टेंबर 2025 उजाडला. घटस्थापनेचा दिवस, आणि त्याच दिवसापासून पाकीटबंद नमकीनवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. (सुटं नमकीन आधीपासून 5 टक्क्यांतच होतं.) आमच्या प्रोग्रॅममध्ये 12 हा आकडा तीन जागी थेट कोडमध्ये लिहिलेला. फोनवर विचारून विचारून एक जागा सापडली, दोन राहिल्या. बिलावर वर 5 टक्के छापून येई आणि खालची बेरीज 12 ची! दुकानात सणाची गर्दी, आणि काका कार्बन लावून हाताने बिलं फाडतायत. शेजारच्यांकडे तयार सॉफ्टवेअर होतं. त्यांनी मालाच्या यादीत दर बदलला आणि शटर उघडलं.

असे बदल येतच राहतात. ई-इन्व्हॉइस (म्हणजे व्यापाऱ्यांना दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) 2020 मध्ये 500 कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झालं, ऑगस्ट 2023 पर्यंत ती मर्यादा 5 कोटींवर आली. दर वेळी कोड उघडून बसणारा माणूस तुमच्याकडे आहे का? भाचा हुशार असेल, पण तो उद्या बंगलोरला गेला तर?

स्वतःचं उभारणारे चुकतात असं मुळीच नाही. लोकांच्या फायली इंटरनेटवर साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीने ॲमेझॉनच्या सर्व्हरवर सुरुवात केली आणि 2016 मध्ये सांगितलं की लोकांच्या फायलींचा 90 टक्क्यांहून जास्त साठा आता स्वतःच्या यंत्रणेवर आहे. पण फायली सांभाळणं हाच त्यांचा धंदा, तुमचा धंदा शेवेचा.

भाच्याची हौस मोडू नका मात्र. दिवाळीच्या आगाऊ ऑर्डरी, कुणाला कमी तिखट हवं, कुणाचा डबा कुठे पोचवायचा, हे तुमच्या दुकानाचं खास काम. त्याचं छोटं ॲप त्याला करू द्या. ते एक दिवस बंद पडलं तरी वहीवर निभेल, बिलिंगचं तसं नाही.

आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून मालाची यादी, उधारीची खाती आणि जुनी बिलं एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा. ‘ते नंतर बघू’ म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका.