स्कॅनच्या आधी लेन्स कधी काढल्या होत्यास?

भाऊ, नंबर साडेचार, टोपोग्राफीवर, म्हणजे कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) आकाराच्या नकाशावर, 'केराटोकोनस सस्पेक्ट' (कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगण्याच्या आजाराचा संशय) आणि खाली तुझा प्रश्न, 'पायलटचं संपलं का?' वाचता वाचता मला माझीच जुनी फाईल आठवली. आधी एवढं सांग, स्कॅनच्या किती दिवस आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद केल्या होत्यास?

मी केल्याच नव्हत्या. शहरातल्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये लेन्स घालून गेलो, तिथेच काढून डबीत ठेवल्या आणि दहा मिनिटांत यंत्रावर हनुवटी टेकवली. काउंटरवर विमा आहे का, गाडी कुठे लावली, सगळं विचारलं. लेन्स वापरता का, हे कोणी विचारलं नाही. लेन्सने कॉर्नियाचा आकार काही काळ बदलतो आणि नकाशा हुबेहूब केराटोकोनससारखा दिसू शकतो. त्यात आपला नागपूरचा मे महिना, डोळे कोरडे ठणठणीत. कोरड्या डोळ्यांचाही नकाशा बिघडतो.

तो कागद मीच शहाणपणा करून क्लास टूच्या, म्हणजे पायलटच्या पहिल्या टप्प्याच्या वैद्यकीय तपासणीला नेला. शेरा मिळाला: तात्पुरते अनफिट. सात महिने गेले. 'स्कॅन लेन्स काढल्या काढल्या झाला' एवढी एक ओळ लिहून द्या म्हणून त्या क्लिनिकच्या चार चकरा मारल्या. उत्तर काय, तर "रिपोर्ट मशीन काढतं, आम्ही नाही." बाबा तर त्यांच्याशी भांडायलाच निघाले होते.

मग महिनाभर फक्त चष्मा लावला, दुसऱ्या डॉक्टरांकडे स्कॅन केला, तो स्वच्छ आला. काही महिन्यांनी पुन्हा एक, आकार स्थिर आहे हे दाखवायला. मऊ लेन्स असतील तर निदान दोन आठवडे बंद ठेव. कडक असतील तर बरेच जास्त, किती ते डॉक्टरांना विचार.

मी डॉक्टर नाही. तुझा केराटोकोनस खराही असू शकतो. तसं असेल तर तो वाढू नये म्हणून क्रॉस-लिंकिंग (कॉर्निया घट्ट करायचा उपचार) करतात, त्याचा निर्णय कॉर्नियावाल्यांकडेच घे. डोळे चोळणं मात्र आजपासून बंद.

आणि हे मिटेपर्यंत लेझरचं नावही काढू नकोस. "नंबर घालवून ये, काम सोपं होईल," असं मला एका फ्लाइंग स्कूलच्या काउन्सेलरने सांगितलं होतं. लेझरने कॉर्निया पातळ होतो. मुळात कमकुवत असेल तर तो पुढे फुगतो. नंबर हा अडथळाच नाही रे. चष्म्याने प्रत्येक डोळा ६/९, दोन्ही मिळून ६/६ आणि जवळचं एन-५ (बारीक अक्षरांची ओळ) वाचता आलं पाहिजे. चष्म्याची जादा जोडी सोबत ठेव. फॉर्मवर काही लपवू नकोस. क्लास वन (कमर्शियल पायलटचं मेडिकल सर्टिफिकेट) हातात येईपर्यंत कुठल्याही स्कूलला फी भरू नये, हे आपलं माझं मत. काहींना पटत नाही.

रिपोर्टवरची तारीख बघ आणि त्याआधी लेन्स शेवटची कधी घातली होतीस तेवढं लिही. मग पुढचं बोलू.