डॅलसहून एल पासोला जाताना स्वीटवॉटरला थांबा

डॅलसहून एल पासोला गाडीने जाताना वाटेत थांबण्यासारखं काही आहे का, की नुसतं माळरानच, असं तुम्ही विचारलंय. आहे. स्वीटवॉटरचं ॲव्हेंजर फील्ड.

मी डॅलसजवळ प्लेनोला राहते आणि आतापर्यंत तीनदा तिथे थांबले आहे. इंटरस्टेट २० वर ॲबिलीन मागे पडलं की थोड्या वेळाने चहूकडे पवनचक्क्या दिसायला लागतात. स्वीटवॉटर गावाच्या पश्चिमेला हा छोटा विमानतळ आहे. इथून प्रवासी विमानं सुटत नाहीत, अधूनमधून एखादं खासगी विमान उतरतं. रस्त्यावरून पाहिलंत तर थांबावंसं वाटणारही नाही, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४४ मध्ये, अमेरिकी लष्कराची विमानं चालवायला बायका इथे शिकल्या. त्या तुकडीचं नाव ‘वॉस्प’ (विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स), प्रमुख वैमानिक जॅकलिन कॉक्रन. २५,००० हून जास्त अर्ज आले, १,८३० जणी निवडल्या गेल्या आणि १,०७४ उत्तीर्ण झाल्या. या मुलींना विमान चालवणं आधीच येत होतं, स्वीटवॉटरपर्यंतचं भाडंही त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं. अंगात घालायला मिळाले ते पुरुषांच्या मापाचे ढगळ पोशाख, बाह्या आणि पाय दुमडून घालायचे. आधी पीटी-१९, मग बीटी-१३, मग एटी-६, अशी एकेक अवघड विमानं शिकत त्या पुढे गेल्या. नंतर कारखान्यातून नवी विमानं तळांवर पोचवणं, दुरुस्त झालेली विमानं उडवून तपासणं ही कामं त्यांनी केली. विमानामागे कापडी लक्ष्य बांधून त्या उडायच्या आणि खालून सैनिक त्या लक्ष्यावर खऱ्या गोळ्या झाडून नेमबाजी शिकायचे.

यात ३८ जणी प्राणाला मुकल्या. कागदोपत्री त्या नागरी नोकर होत्या, त्यामुळे लष्करी इतमाम नाही, शवपेटीवर ध्वज नाही. मृतदेह घरी पाठवायला बरोबरच्या मुलींनी वर्गणी काढल्याचे प्रसंग आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा हे वाचलं आणि त्यानंतर तिथल्या संग्रहालयाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, मला बराच वेळ काहीच बोलवेना.

त्यांना लष्करात सामावून घ्यायचं विधेयक १९४४ मध्ये अमेरिकी संसदेत पडलं. शेवटची तुकडी ७ डिसेंबरला उत्तीर्ण झाली आणि २० डिसेंबरला सगळी वॉस्पच बरखास्त झाली. जेमतेम १३ दिवस! माजी सैनिकांचा दर्जा मिळाला तो १९७७ मध्ये, अमेरिकी संसदेचं सुवर्णपदक २०१० मध्ये. तोवर बहुतेक जणी हयात नव्हत्या. त्यानंतरही २०१५ मध्ये इलेन हार्मन वारल्या तेव्हा आर्लिंग्टनच्या सैनिकांसाठीच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या अस्थींना जागा नाकारली गेली. घरच्यांनी अस्थी कपाटात जपून ठेवल्या, नातीने पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये कायदा बदलून घेतला. स्वीटवॉटरला शिकलेल्या मुलीची ही गोष्ट आहे, म्हणून इथे सांगितली.

संग्रहालय १९२९ च्या जुन्या हँगरमध्ये आहे. वेळा आधी पाहून घ्या. घाई असेल तरी शेजारच्या टेक्निकल कॉलेजच्या आवारातलं स्मारक चुकवू नका. तिथे त्या काळची ‘विशिंग वेल’ आहे. विहीर म्हणायची, पण आहे गोल दगडी हौद. उड्डाणाच्या परीक्षेआधी मुली त्यात नाणं टाकायच्या आणि पास झाल्या की मैत्रिणी त्यांनाच उचलून पाण्यात टाकायच्या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी तिथे न्या, मग हँगरमध्ये. दोन तास पुरतात.